धोतराचा पडदा, भजीचा कागद

‘प्रकाश’ हा धडा तुम्ही जवळजवळ प्रत्येक इयत्तेत शिकता. सपाट आरसा, टाचण्या, लोलक, बहिर्गोल भिंग. आकृती नीट काढली, किरणांवर बाण दाखवले की गुण मिळतात. पुढे त्याच शाळेत परीक्षेच्या अर्जासाठी फोटो हवा असतो. तेव्हा मात्र आपण मित्राला भिंतीला टेकवून उभा करतो, डोक्यावरचा बल्ब लावतो आणि मोबाइल रोखतो. नाकाची सावली ओठांवर, कपाळाची सावली डोळ्यांवर आणि डोक्याची सावली भिंतीवर, असा तो फोटो निघतो. मग आपण म्हणतो, मोबाइल चांगला नाही. पुस्तकातला प्रकाश आणि चेहऱ्यावरचा प्रकाश यांचा काही संबंध असेल, ही शंकासुद्धा मनाला शिवत नाही.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे पुसेगाव आहे. सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे प्रसिद्ध असलेले साताऱ्याकडचे नव्हे, तर हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. हळद आणि सोयाबीन पिकवणारा हा मुलूख. अशा गावात छायाचित्रासाठी लागणारा प्रकाश घरच्या सामानातून तयार करता येतो. पांढरे धोतर किंवा मांजरपाटाचा तुकडा, बांबूच्या चार काठ्या, सुतळी, दोन एलईडी बल्ब, टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल एवढ्यात काम भागते. माझे म्हणणे असे, की आठवी ते दहावीच्या प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा तरी असा घरगुती स्टुडिओ उभारावा आणि त्यातल्या प्रकाशाची मोजमापे घ्यावीत. फोटो तर निघतीलच.

मोजमापांवर माझा भर का, ते आधी सांगतो. ‘जुगाड’ या शब्दाचे हल्ली फार कौतुक होते. मला ते फारसे मानवत नाही. दिव्यापुढे कापड धरले आणि फोटो चांगला आला, एवढ्यावर थांबलेला विद्यार्थी बाजारातून रिंगलाइट विकत आणणाऱ्यापेक्षा शहाणा ठरतो असे नाही. त्याचे पैसे वाचले, इतकेच. कापड दोन हात मागे सरकवले तर काय होईल, हे ज्याला आधी सांगता येते आणि मग करून पाहता येते, त्याच्या हातात ते धोतर उपकरण होते.

आपल्या महाराष्ट्रात छायाचित्रणाची मोठी कामे अशाच हातांनी झाली आहेत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले त्याआधी ते छायाचित्रकार होते. १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी घरीच एक लहानसा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर क्षणार्धात दाखवली. हा प्रयोग आज तुम्ही मोबाइलवर करू शकता. केलात तर पहिली अडचण येईल ती प्रकाशाचीच. आज ऊन, उद्या ढग, परवा कोणीतरी दार लोटलेले; रोज सारखाच प्रकाश कुठून आणायचा? ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रेक्षकांसमोर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रणही सूर्यप्रकाशावरच झालेले आहे. तिकडे कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेराच स्वतः बनवला आणि त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ पुरा केला. त्या मूकपटांच्या काळात उघड्यावर नेपथ्य मांडीत, डोक्यावर पांढरे कापड ताणून ऊन मवाळ करीत आणि चंदेरी फळ्यांनी ते सावलीत परतवीत. म्हणजे आपल्या धोतराला चांगले घराणे आहे.

आता हे ‘मवाळ करणे’ म्हणजे नेमके काय? येथेच बहुतेकांची गल्लत होते. बल्बवर बटर पेपर गुंडाळला की प्रकाश सौम्य होतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. करून पाहा. अंधाऱ्या खोलीत टेबलावर एक बटाटा ठेवा (चेहऱ्यासाठी बटाटा फार सोशीक, तो हलत नाही आणि हसतही नाही). एका मीटरवरून बल्बचा प्रकाश त्यावर पाडा आणि सावलीची कड पाहा. मग बल्बला घट्ट कागद गुंडाळा. प्रकाश कमी होईल. पण सावलीची कड जवळजवळ तितकीच धारदार राहील. आता कागद काढा, बटाट्यापासून एका मीटरवर धोतराचा सुमारे एक मीटर रुंदीचा पडदा ताणा आणि बल्ब त्या पडद्याच्या मागे आणखी एका मीटरवर न्या. सावलीची कड विरघळल्यासारखी होईल.

कारण तुमच्या ग्रहणाच्या धड्यात आहे. उगम बिंदूएवढा असेल तर नुसती प्रच्छाया पडते. उगम मोठा असेल तर तिच्याभोवती उपच्छाया येते. उगम किती मोठा, हे बटाट्याच्या जागेवरून पाहायचे, म्हणजे कोनात मोजायचे. सहा सेंटिमीटर व्यासाचा बल्ब एक मीटरवरून सुमारे साडेतीन अंशांचा दिसतो. कागद गुंडाळला तरी तो साडेतीन अंशांचाच. एक मीटर रुंदीचा उजळलेला पडदा मात्र तेवढ्याच अंतरावरून ५३ अंशांचा दिसतो. तोच पडदा चार मीटरवर नेला तर अवघा १४ अंशांचा राहतो आणि सावली पुन्हा कडक होऊ लागते. कापड तेच, बल्ब तोच. सूर्य तर एवढा प्रचंड. पण आपल्याला तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून उन्हातला प्रकाश छायाचित्रकाराच्या दृष्टीने कडक. तरीही सूर्य बिंदू नाही. सात मिलिमीटर जाडीची पेन्सिल उन्हात कागदाच्या वर धरून हळूहळू उंच न्या. सुमारे ७५ सेंटिमीटरनंतर तिची प्रच्छाया संपते आणि उरते ती फिकट उपच्छाया. सूर्याचा व्यास आणि अंतर यांचे गुणोत्तर सुमारे १ : १०८ आहे, हे त्या पेन्सिलीने तुम्हाला अंगणात सांगितले.

बटाट्याच्या शेजारी स्टीलचा चकचकीत तांब्या ठेवला तर आणखी मौज. तांब्यावर उगमाची प्रतिमा दिसते. नुसता बल्ब असेल तर एक ठिपका आणि पडदा असेल तर मोठा उजळ चौकोन. माणसाचे डोळे हेही असेच दोन लहान तांबे आहेत. वर्तमानपत्रातला एखादा ठळक, मोठा चेहरा घेऊन बुबुळातली चकाकी भिंगातून पाहा. चौकोनी चकाकी असेल तर खिडकी किंवा पडदा, कडे असेल तर रिंगलाइट. कोणी कसा प्रकाश वापरला, ते न विचारता कळते.

घरात बाज असेल तर ती उभी करून तिच्यावर धोतर टाकावे, असे एखाद्याला सुचेल. चांगली कल्पना आहे. पण पडद्यामागून प्रकाश सोडायला बाज उपयोगाची नाही. विणीच्या सावल्या कापडावर उमटतील. मात्र प्रकाश समोरून मारून परतवायचा असेल तर बाज उत्तम, कारण मग पाठीमागे काय आहे याच्याशी कर्तव्य नाही. कापडाचे सूत प्रकाश सर्व दिशांना उधळते. पुस्तकातले ‘अनियमित परावर्तन’ ते हेच. शंभर टक्के उपयोगाची ही गोष्ट आकृतीच्या एका कोपऱ्यात पडून असते याचे वाईट वाटते. चुना दिलेली भिंत तेच काम करते. भिंत निळसर किंवा हिरवट रंगवलेली असेल तर चेहऱ्यावरही ती छटा उतरते, हे ध्यानात ठेवा.

आता अंतराकडे येऊ. बिंदूसारख्या उगमापासून अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो. हा व्यस्त वर्गाचा नियम. छायाचित्रकाराला हा नियम पैसे मिळवून देतो. उघडा बल्ब गालापासून ५० सेंटिमीटरवर असला, तर १५ सेंटिमीटर पलीकडच्या कानापाशी तो ६५ सेंटिमीटरवर झाला. ६५ भागिले ५०, त्याचा वर्ग सुमारे १.७. म्हणजे एकीकडे प्रकाश पावणेदोन पट. बल्ब दोन मीटरवर नेला तर हाच फरक अवघा १.१६ पट. चेहऱ्याचा एक भाग काळा पडतो तो असा. दुसरी गंमत. माणूस बल्बपासून एक मीटरवर आणि मागची पांढरी भिंत तीन मीटरवर असेल, तर भिंतीला नवमांश प्रकाश मिळतो आणि फोटोत ती गडद राखाडी दिसते. काळा पडदा विकत आणण्याची गरजच नाही. माणसाला दोन पावले पुढे बोलावले की झाले.

हे मोजायचे कशाने? मोबाइलच्या पुढच्या बाजूस वरच्या कडेजवळ प्रकाशसंवेदक असतो आणि त्याचा आकडा दाखवणारी अॅप फुकट मिळतात. आकडा अगदी अचूक नसला तरी तुलनेपुरता चालतो, आणि साऱ्या वर्गाला शिक्षकांचा एक फोन पुरतो. फोन नको असेल तर त्याहून जुने आणि माझ्या मते अधिक शिकवणारे साधन आहे. भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडतो, तो उजेडासमोर धरला तर उजळ दिसतो आणि टेबलावर ठेवला तर काळपट. ज्याच्या नावाचा बर्नर तुमच्या प्रयोगशाळेत आहे, त्या बुन्सेनने १८४० च्या दशकात यातूनच प्रकाशमापक केला. पांढऱ्या कोऱ्या कागदाच्या मध्यावर करडईच्या तेलाचा एक थेंब जिरवा. कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत उभा करा आणि अंधारात त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा ठेवा. मागचा प्रकाश जास्त असेल तर डाग उजळ, पुढचा जास्त असेल तर डाग काळा. दोन्हीकडचा प्रकाश सारखा झाला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. एका बाजूला ५० सेंटिमीटरवर एक बल्ब ठेवा आणि दुसरीकडे तसेच दोन बल्ब शेजारी शेजारी लावून मागेपुढे सरकवा. डाग सुमारे ७१ सेंटिमीटरला लपेल. पन्नासला दोनच्या वर्गमूळाने गुणून पाहा.

एवढ्यावर धडा संपला तर तो नेहमीच्या प्रात्यक्षिकासारखाच झाला. खरा प्रसंग पुढे येतो. उत्साही मुले हाच प्रयोग पडद्यावर करतील. पडद्यापासून अर्ध्या मीटरवर आकडा घेतील, मग एक मीटरवर, आणि चौथाईची अपेक्षा करतील. चौथाई येणार नाही. एक मीटर व्यासाचा गोल, सर्वत्र सारखा उजळलेला पडदा असेल तर अर्ध्या मीटरवरून एकावर जाताना प्रकाश अडीच पटींनीच घटतो. एकावरून दोनवर सुमारे ३.४ पटींनी आणि दोनवरून चारवर सुमारे ३.८ पटींनी. मोठा उगम जवळून पाहिला तर तो बिंदू नसतो, म्हणून नियम अजून लागू झालेला नसतो. उगमाच्या आकाराच्या पाचपट दूर गेल्यावर तो व्यवहारापुरता लागू होतो.

अशा वेळी वर्गात काय घडते? अकरावीला आमच्याकडे येणारी बरीच मुले प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी लिहितात आणि निरीक्षणे मागाहून भरतात. चार यायला हवे ना, मग चार. ही सवय त्यांना कोणीतरी लावलेली असते, आणि ती लागते ती अशाच क्षणी. मूल ‘सर, अडीच आले’ म्हणते आणि त्याला ‘नीट मोज’ असे उत्तर मिळते. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की त्या अडीचला वहीत जागा द्यावी. त्याने नीटच मोजलेले असते. पडदा लहान करून पाहा, दूर जाऊन पाहा, खोलीच्या भिंतींवरून परतणारा प्रकाश मध्ये येतो का ते पाहायला अमावास्येच्या सुमारास अंगणात जाऊन पाहा, असे त्याला सांगावे. विकत आणलेल्या, बंद पेटीतल्या उपकरणाचे आकडे पुस्तकाशी जुळावेत अशी सोय केलेली असते. घरच्या धोतराला पुस्तकाची भीड नसते, म्हणून मला ते शाळेसाठी अधिक मोलाचे वाटते.

कोणी म्हणेल, फोटो चांगला आला काय नि वाईट आला काय, शेतकऱ्याच्या पोराला त्याचे काय? उलट त्यालाच त्याचे जास्त आहे. आज हळदीच्या पानावर करपा दिसला किंवा सोयाबीन पिवळे पडले, की पानाचा फोटो काढून जाणकाराला पाठवतात. रात्री घरी येऊन, दिव्याखाली काढतात. पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा एक उंच सुळका असतो, पिवळसर प्रकाशाचा रुंद पट्टा असतो आणि स्वस्त बल्बात तांबडा भाग बहुधा तोकडा पडतो. त्यात मोबाइल स्वतःच्या बुद्धीने ‘पांढरे’ काय ते ठरवतो. मग पान किती पिवळे, हे पलीकडच्या माणसाला कसे कळावे? पानाच्या शेजारी पांढरा कागद ठेवून, दिवसा, सावलीत, आभाळाच्या उजेडात फोटो काढला तर पलीकडच्याला तुलनेला काहीतरी मिळते. (कागदही अगदी निर्दोष नसतो. त्यात घातलेली चकाकीची द्रव्ये उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देतात.) एकाच हळकुंडाचे तुकडे ओसरीत, एलईडीखाली आणि मिळालाच तर जुन्या तारेच्या बल्बखाली ठेवून फोटो काढा आणि शेजारी शेजारी लावा. हळदीच्या मुलखात हा प्रयोग व्हायलाच हवा.

तारेच्या बल्बचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. २३० चे २०० झाले की प्रकाश जवळजवळ ३८ टक्क्यांनी घटतो आणि तांबूसही होतो. जुन्या स्टुडिओंतले ‘फोटोफ्लड’ दिवे याच्या उलट युक्तीवर चालत. तार मुद्दाम जास्त तापवायची आणि दिवा काही तासांतच संपू द्यायचा. एलईडीतले मंडल व्होल्टेजचे चढउतार बरेचसे लपवते. मात्र काही स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. असे पट्टे दिसले तर दुसरा बल्ब घ्यावा.

सावधगिरीचे दोन शब्द. होल्डर आणि वायर तयार, धड असलेलीच वापरा. जोडणी मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. कापडाजवळ फक्त एलईडी. हॅलोजनच्या उष्णतेने धोतर पेटू शकते. पूर्वी छायाचित्रकार मॅग्नेशियमची पूड पेटवून झगझगाट करीत, हे वाचून कोणी तसे करायला जाऊ नये. त्यात माणसे भाजली आहेत.

राहता राहिली खिडकी. विजेच्या आधी स्टुडिओला उत्तरेकडे काचेचे छत किंवा मोठी खिडकी ठेवीत, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, असे पुस्तके सांगतात. ही पुस्तके लंडन-पॅरिसकडची. तेथे दुपारचा सूर्य उत्तरेला कधीच जात नाही. पुसेगाव सुमारे पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे २० मेच्या आसपासपासून जुलैच्या २३-२४ तारखेपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. २१ जूनला तो सुमारे पावणेचार अंश उत्तरेला असतो. छज्जा असेल तर दुपारी खिडकीला याचा पत्ताही लागणार नाही. पण सकाळ-संध्याकाळची गोष्ट वेगळी. मार्चच्या २१ नंतर सप्टेंबरच्या २३ पर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडेच उगवतो, तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर सकाळी ऊन येणारच. किती वाजेपर्यंत येते? शाळा उघडल्यावर एखाद्या वर्गाने शाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीवर खडूने खुणा करून, ढगाचे दिवस वगळून, रोजची वेळ लिहून ठेवली तर वहीचे ते पान मला पाहायला आवडेल.